रिपोर्ट आधी पोहोचायला हवा

२००५ साली पश्चिम बंगालमधल्या एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलकात्याचे यकृतरोगतज्ज्ञ डॉ. अभिजित चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेली माणसं रुग्णालयात आलेली नव्हती. ती घरी होती, आपापल्या कामात होती. अशा ७,६५३ जणांपैकी जवळजवळ ३ टक्के लोकांच्या रक्तात हेपेटायटिस बी विषाणूची खूण सापडली. या आजाराची सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे की विषाणू अंगात असलेल्या बहुतेकांना तो असल्याचा पत्ताच नसतो. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही, ताप येत नाही. माणूस भातलावणी करतो, वीटभट्टीवर राबतो, लग्न करतो. आणि बाई असेल तर तिला दिवस जातात.

तिथून पुढची गोष्ट वेगळी होते.

मोठ्या माणसाला हेपेटायटिस बीची लागण झाली, तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं शरीर काही महिन्यांत विषाणूला हुसकावून लावतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांत मात्र हे गणित उलटं होतं. शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात तो विषाणू कायमचा मुक्काम करतो. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे लढाई होत नाही आणि लक्षणंही दिसत नाहीत. बाळ नीट दूध पितं, वाढतं, शाळेत जातं. पुढे ऐन कमावत्या वयात पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, तेव्हा कळतं की यकृत आतून निबर झालंय, किंवा त्यात कॅन्सरची गाठ आहे. अमेरिकी संशोधक पामर बीस्ले यांनी तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडला की या विषाणूचा कायमचा मुक्काम असलेल्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा दोनशे पटींहून जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हेपेटायटिस बी घेऊन जगत होते. जगातल्या अशा रुग्णांपैकी आठ-नऊ जणांमागे एक आपल्या देशात आहे.

यात दिलासा देणारी एक बाबही आहे. आईच्या पोटात असताना बाळाला लागण होण्याचं प्रमाण कमी असतं. विषाणू बाळापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्तातून आणि स्रावांतून. अंगात शिरल्यावरही त्याला पाय रोवायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणूनच जन्मानंतर लगेच दिलेली लस त्याला गाठू शकते. बाळाच्या मांडीत अर्धा मिलिलिटर लस चोवीस तासांच्या आत गेली पाहिजे, आणि जितकी लवकर जाईल तितकी चांगली. त्यानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लशीतून पुढचे डोस मिळतात. पण पहिला डोस चुकला, तर सहाव्या आठवड्याचा डोस त्याची भरपाई करू शकत नाही. तोवर विषाणूने घर केलेलं असतं.

ही लस आपल्यापर्यंत यायला बराच काळ लागला. विषाणूचा पहिला धागा १९६० च्या दशकात बारुख ब्लमबर्ग यांना सापडला. त्यासाठी त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हेपेटायटिस दिन म्हणून पाळला जातो. अमेरिकेत लस १९८१ मध्ये मान्य झाली. भारतात तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ‘शॅनव्हॅक-बी’ ही देशी लस काढली, तेव्हा कुठे भाव उतरले. २००२-०३ मध्ये निवडक जिल्हे आणि शहरांत सरकारी लसीकरणात तिचा प्रयोग सुरू झाला, पुढच्या टप्प्यात महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालसह दहा राज्यं आली, आणि २०११ मध्ये ती देशभर लागू झाली. आज कोणत्याही सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

मग बाळं चुकतात कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पश्चिम बंगालमधली ९१ टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. म्हणजे दहातली नऊ बाळं डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांसमोर जन्मतात. पण प्रसूती दवाखान्यात होणं आणि बाळाला पहिल्या दिवशी लस मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लशीची कुपी दहा डोसांची असते. रात्री दोन वाजता एकच बाळ जन्मलं, तर एका बाळासाठी कुपी फोडायला हात धजत नाही, उरलेले नऊ डोस वाया जातील अशी धास्ती असते. खरं तर ही धास्ती निराधार आहे. नियमाप्रमाणे हेपेटायटिस बीची उघडलेली कुपी योग्य तापमानात ठेवली, तर अठ्ठावीस दिवस वापरता येते. पण हा नियम रात्रपाळीच्या नर्सपर्यंत पोहोचलेला असतोच असं नाही. कुठे लशीचा फ्रीज लसीकरणाच्या खोलीत आणि त्या खोलीची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे. कुठे रविवार आडवा येतो. कुठे बाळाचं वजन कमी म्हणून ‘नंतर बघू’ म्हटलं जातं, आणि तिसऱ्या दिवशी आई बाळाला घेऊन घरी जाते.

साठवणीचीही एक खोच आहे. ही लस उन्हापेक्षा थंडीला जास्त भिते. दोन ते आठ अंश तापमानात ती सुखरूप राहते, आणि थोडी उष्णता सोसण्याची तिची ताकद इतर अनेक लशींपेक्षा चांगली आहे. पण एकदा गोठली की ती निकामी होते. बर्फाला चिकटवून ठेवलेली, गोठून पुन्हा वितळलेली कुपी वरून ठीक दिसते, तिच्यातलं औषध मात्र संपलेलं असतं. सुंदरबनच्या बेटांवर बोटीतून जाणाऱ्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये बर्फाच्या पिशव्या थोड्या घामेजू देऊन मगच कुपी का ठेवायची, याचं उत्तर इथे आहे.

सगळ्याच बाळांना लस द्यायची, तर गरोदर बाईची तपासणी तरी कशाला, असा प्रश्न कुणाला पडेल. तो रास्त आहे. लस बहुतेक बाळांना वाचवते, सगळ्यांना नाही. ज्या आईच्या रक्तात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो, तिच्या बाळाला एकट्या लशीचं बळ अपुरं पडतं. अशा बाळाला लशीबरोबरच दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. त्यातून बाळाला तयार प्रतिपिंडं मिळतात, लस आपलं काम सुरू करेपर्यंत ती पहारा देतात. हे इंजेक्शन महाग आहे, थंड ठेवावं लागतं, आणि तेही पहिल्या काही तासांतच द्यायचं असतं. म्हणजे प्रसूतीच्या आधीच माहीत हवं की या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. तरच ते मागवून ठेवता येईल.

त्याच्याही आधीचा उपाय गोळीचा आहे. टेनोफोव्हिर नावाचं औषध गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत रोज एक गोळी असं घेतलं, की आईच्या रक्तातला विषाणू इतका खाली येतो की बाळापर्यंत जाण्याइतका उरतच नाही. चीनमध्ये २०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांनी गोळ्या नीट घेतल्या त्यांच्या एकाही बाळाला लागण झाली नाही. गोळ्या न घेतलेल्या गटात, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळूनही, शंभरामागे सात बाळांना झाली. या सगळ्या स्त्रियांच्या रक्तात विषाणू भरपूर होता, हे ध्यानात ठेवलं की आकड्यांचं मोल कळतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जास्त विषाणू असलेल्या गरोदर स्त्रियांसाठी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून ही गोळी सुचवली.

पण जास्त विषाणू कुणाच्या रक्तात आहे, हे ओळखायचं कसं? बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होणारी एचबीएसएजीची झटपट चाचणी उपकेंद्रातही वीस मिनिटांत होते. ती फक्त विषाणू आहे की नाही एवढंच सांगते. त्याचं प्रमाण कळायला डीएनएची तपासणी लागते, ती मोठ्या प्रयोगशाळेत होते. किंवा निदान जास्त विषाणूची खूण असलेला ई-अँटिजेन बघावा लागतो. बंगालच्या त्या पाहणीत बहुतेक बाधितांत हा ई-अँटिजेन नव्हता, म्हणजे बऱ्याचशा आयांच्या बाळांना धोका तुलनेने कमी होता. पण उरलेल्या थोड्यांच्या बाळांना, उपाय केला नाही तर, लागणीची शक्यता सत्तर ते नव्वद टक्के असते. या थोड्या जणी शोधून काढण्यासाठी प्रत्येकीचं रक्त शहरात पाठवायचं, रिपोर्टची वाट पाहायची, तोवर आठवा महिना संपायचा. गावातल्या बाईच्या बाबतीत ही वाट पाहणंच घातक ठरतं. म्हणून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने मोठा बदल केला. जिथे डीएनए किंवा ई-अँटिजेन तपासण्याची सोय नाही, तिथे एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला औषध देता येईल. गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची बातमी आहे, आणि तिच्याकडे वर्तमानपत्रांचं फारसं लक्ष गेलं नाही.

भारतात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गरोदरपणातली चाचणी, पॉझिटिव्ह स्त्रीची दवाखान्यातच प्रसूती, बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, आईला मोफत औषध हे सगळं त्यात आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. ती तुटते कुठे, हे पाहायचं तर कोलकात्याहून दक्षिणेला जावं लागतं.

सियालदहहून लोकलने कॅनिंग, तिथून रस्त्याने गोदखाली, आणि मग नदी ओलांडून गोसाबा. सुंदरबनच्या या बेटांवर भरती-ओहोटीच्या वेळा पाहून माणसं दवाखान्यात जातात. पावसाळ्यात रात्री कळा सुरू झाल्या तर नाव मिळेल याची खात्री नसते. म्हणून सरकारने या भागात गरोदर स्त्रियांसाठी प्रतीक्षागृहं काढली. तारीख जवळ आली की बाईने दवाखान्याशेजारी येऊन राहायचं. ‘मातृयान’ नावाच्या मोफत रुग्णवाहिका आहेत. आशादीदी आहेत, महाराष्ट्रातल्या आशाताईंसारख्याच, गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचा हिशेब ठेवणाऱ्या. पण प्रसूती अडली की बाईला बेटावरून कॅनिंगला, कॅनिंगहून कोलकात्याला पाठवलं जातं. तिच्याबरोबर धावपळीत नवरा असतो, सासू असते, कपड्यांचं बोचकं असतं. रक्ताचा रिपोर्ट घरातल्या पेटीत राहतो. कोलकात्याच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला समोरच्या बाईच्या रक्तात काय आहे हे माहीत नसतं. पहाटे चार वाजता ते विचारायला सवड कुणाला?

हा केवळ सुंदरबनचा प्रश्न नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यानपिढ्या देशभर पसरले आहेत, कोलकात्यातही आहेत. त्यांच्या घरातली सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. पाच महिन्यांची तपासणी कोलकात्यात, बाळंतपण विट्याला. मुर्शिदाबाद आणि मालद्याहून मुंबई-पुण्याला बांधकामावर आलेल्या कुटुंबांचं उलट होतं, तपासणी इथे आणि प्रसूती तिथे. एका राज्याच्या संगणकातली नोंद दुसऱ्या राज्यातल्या प्रसूतिगृहात दिसेलच असं नाही. अशा बाईचा खरा आधार तिच्या हातातलं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर एचबीएसएजीचा निकाल, तारीख आणि औषध सुरू असेल तर त्याचं नाव स्पष्ट अक्षरांत असणं, हे कुठल्याही महागड्या यंत्राइतकंच मोलाचं आहे.

स्पष्ट, पण सर्वांच्या डोळ्यांत भरेल असं नव्हे. कार्डाच्या वरच्या पानावर लाल शाईत ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं की त्याची शिक्षा बाईला भोगावी लागते. वॉर्डात तिची खाट कोपऱ्यात जाते. सासरी तिचं ताट वेगळं होतं. हा विषाणू एका ताटात जेवून, जवळ बसून, कपडे धुऊन पसरत नाही. तो रक्तातून आणि लैंगिक संबंधांतून जातो, दूषित सुईतून, एकमेकांच्या दाढीच्या ब्लेडमधून जातो. बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही. लस मिळालेल्या बाळाला आईचं दूध तोडणं हे निव्वळ अज्ञान आहे, आणि ते दवाखान्यातल्या माणसांकडूनही घडतं. केवळ हेपेटायटिस बी आहे म्हणून पोट फाडून प्रसूती करण्याचंही कारण नाही.

दुसरी अडचण वयाची आहे, आणि ती बंगालमध्ये फार टोचते. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत पश्चिम बंगालमधल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ४१ टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले की घरचे नोंदणी लांबवतात. वय उघड झालं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती असते. नोंदणी सातव्या-आठव्या महिन्यात झाली, की चाचणी तेव्हा, औषध त्याच्याही नंतर, आणि गोळीला काम करायला वेळच उरत नाही. इथे आनंदीबाई जोशींची आठवण होणं अपरिहार्य आहे. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे गोपाळरावांची बदली कोलकात्याकडे झाली. हुगळीच्या काठावरच्या श्रीरामपूरमध्ये, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे जाहीरपणे सांगितलं. हिंदुस्थानातल्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्याच वर्षी कोलकात्याच्या बंदरातून त्या निघाल्या, आणि १८८६ मध्ये पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्याच राज्यात, त्याच वयाच्या मुली तपासणीच्या टेबलापर्यंत उशिरा पोहोचताहेत, ही बाब अंगावर घेण्यासारखी आहे. मुलीला शिक्षा होणार नाही, आधी तिची आणि बाळाची काळजी घेतली जाईल, हा विश्वास आशादीदीच्या तोंडून मिळाला, तर नोंदणी चार महिने आधी होऊ शकते.

बंगालच्या खेड्यात दुखणंबाणं आलं की पहिली धाव बहुधा पदवी नसलेल्या ‘हातुडे’ डॉक्टरकडे असते. त्यांना हिणवून प्रश्न सुटत नाही हे ओळखून कोलकात्याच्या लिव्हर फाउंडेशनने बीरभूम जिल्ह्यात अशा वैद्यांना नऊ महिन्यांचं प्रशिक्षण दिलं. त्याचा उपयोग झाला का, हे काटेकोरपणे तपासलं गेलं. डॉ. अभिजित चौधरी, जिष्णू दास, रेशमान हुसाम आणि पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी यांचा तो अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. प्रशिक्षित वैद्यांचे उपचार सुधारले, पण अनावश्यक औषधं देण्याची सवय मात्र सुटली नाही. दोन्ही निष्कर्ष या विषयाला लागू पडतात. गरज नसलेलं प्रत्येक इंजेक्शन, सुई नवी नसेल तर, विषाणूला वाट देतं. आणि तोच वैद्य, त्याला सांगितलं तर, तिसऱ्या महिन्यातल्या बाईला ‘उपकेंद्रात जाऊन हे रक्त तपासून घे’ असं म्हणू शकतो. तिथे कावीळ झाली की गळ्यात जडीबुटीची माळ घालतात. माळ लांबत गेली की कावीळ उतरली असं मानतात. आपल्याकडेही चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणारे आहेत. पण जिच्या डोळ्यांत पिवळेपणाच नाही, त्या गरोदर बाईचा विषाणू कुठल्या माळेत दिसणार? तो दिसतो फक्त रक्ताच्या थेंबात.

आईकडून बाळाकडे जाणारा हा विषाणू रोखता येतो, याचे दाखले दूरचे नाहीत. तैवानने १९८४ मध्ये बाधित आयांच्या बाळांपासून लसीकरण सुरू केलं. १९९७ पर्यंत तिथल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला यकृताचा कॅन्सर निम्म्यावर आल्याचं दिसलं. २०१९ मध्ये बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि थायलंड या देशांनी पाच वर्षांच्या मुलांतलं हेपेटायटिस बीचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. बांगलादेशची सीमा सुंदरबनातूनच जाते. नद्या त्याच, चिखल तोच, बोटी त्याच. २०२५ मध्ये मालदीव हा एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपेटायटिस बी या तिन्हींचं आईकडून बाळाकडे जाणं थांबवणारा जगातला पहिला देश ठरला. तोही बेटांचाच देश आहे.

आपल्याकडे एचआयव्हीसाठी गरोदर स्त्रीची चाचणी, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची घडी बऱ्याच वर्षांपूर्वी बसली. तीच बाई, तेच बोट, तीच सुई. त्याच बैठकीत हेपेटायटिस बीची पट्टीही लावायला हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर स्त्रियांना तपासतात. त्या दिवशी ही चाचणी झाली नसेल, तर ती मागून घेण्याचा हक्क बाईला आहे, आणि सोबत आलेल्या सासूलाही तो माहीत हवा.

बाळाला सगळे डोस मिळाले, तरी दोन कामं हमखास राहून जातात. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर, सहसा दीड वर्षाच्या आत, त्याचं रक्त तपासून लागण झाली नाही ना आणि लस लागू पडली ना हे बघावं लागतं. जन्मताच नाळेतल्या रक्ताची केलेली तपासणी यासाठी धरत नाहीत. दुसरं काम आईचं. बाळंतपणानंतर गोळी बंद केली की काहींच्या यकृताला सूज येऊ शकते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत तिची तपासणी चुकता कामा नये. पुढेही दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी आणि गरज पडली तर दीर्घ उपचार, हे सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. तिचा नवरा, तिची थोरली मुलं, तिची आई आणि भावंडं यांचंही रक्त तपासायचं असतं. ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यायची असते. आशादीदीच्या वहीत प्रसूतीची तारीख आणि बाळाचं वजन भरलं की ते पान उलटलं जातं. त्याच पानावर या माणसांची नावं लिहिण्यासाठी चार ओळी राखून ठेवल्या, तर पुढच्या भेटीत कुणाला बोलवायचं हे तिला शोधत बसावं लागणार नाही.